उत्तममामा रुसले तो दिवस

"हात दे इकडं," आई म्हणाली आणि माझा पंजा उचलून तिनं स्वतःच्या डोक्यावर ठेवला. गजरा ओला होता. ओला गजरा माझ्या हाताला सोसत नाही हे तिला माहीत होतं. म्हणजे बाब गंभीर होती.

"म्हण, आज कुठलाही आवाज ऐकू आला तरी मी कुणाला सांगायला जाणार नाही."

मी विचारलं, कुठलाही म्हणजे नक्की कुठला. ती म्हणाली, कुठलाही. मी विचारलं, आग लागल्याचा आला तर. ती म्हणाली, सातशे माणसं आहेत, आग लागली तर तुझ्याआधी कुणालातरी दिसेल. मी विचारलं, आणि स्पीकरवरून कुणी माझंच नाव पुकारलं तर.

"हेमांगी," आई म्हणाली. एरवी मी हेमा असते. पूर्ण नाव आलं की चर्चा संपलेली असते. "एका लेकीचं लग्न आहे. दुसरीकडनं मला एवढंच पाहिजे."

मी शपथ घेतली. मग जाऊन साबणानं हात धुतला.

आईची चूक नव्हती. तीन महिन्यांपूर्वी ताईच्या साखरपुड्यात, नेमकी अंगठी घालायच्या वेळी, मी उभी राहून सांगितलं होतं की गॅस गळतोय. मला बारीक शीळ ऐकू येत होती. आमच्या घरात माझे कान तिखट म्हणून प्रसिद्ध होते, त्यामुळे पप्पांनी दोनशे माणसं रस्त्यावर काढली. नवरदेव अंगठी धरून उन्हात उभा, ताई बोट धरून उन्हात उभी. दोन सिलिंडर ओल्या गोणपाटात गुंडाळून परसात नेले. शीळ मात्र माणसांबरोबर रस्त्यावर आली. ती नवरदेवाच्या आत्याच्या कानातून येत होती. श्रवणयंत्र नीट बसलं नाही की शीळ घालतं. त्या बाईंनी ते अकरा वर्षं अंबाड्याआड लपवलेलं होतं. त्यांच्या यजमानांना वाटत होतं, बायकोला हल्ली आपलं म्हणणं पटायला लागलंय.

तर, नऊ वर्षांपूर्वीचा एप्रिल. तासगावच्या बाहेरचं एक मंगल कार्यालय. मी वीस वर्षांची. मुहूर्त बारा वाजून सव्वीस मिनिटांचा.

माझ्या कानांबद्दल थोडं सांगावं लागेल. इतरांच्या कानांना बहुतेक चाळण असते. नको ते खाली पडतं, हवं ते वर राहतं. माझ्याकडे चाळण नाही, परात आहे. मिक्सर, ताशा, पंख्याची घरघर, कुणाच्या तरी बांगड्या, दोन खोल्या पलीकडे कुणी सोललेलं संत्रं, सगळं एकाच परातीत पडतं आणि मळायचं मला एकटीला. परात भरली की मला बोलता येत नाही. शब्द आत असतात, पण दार सापडत नाही. अंगावरची कातडी उलटी शिवल्यासारखी वाटते, शिवण आतून टोचते. अशा वेळी एकच उपाय असतो. कुठलीतरी एक गोष्ट धरायची, एक काम नाहीतर एक आवाज, आणि त्याच्या आत शिरून दार लावून घ्यायचं. मग बाहेर हत्ती नाचवला तरी चालतो. पुढे पुण्याच्या एका डॉक्टरबाईंनी याला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं. पप्पांनी विचारलं, गोळी कुठली. त्या म्हणाल्या, गोळी नसते. एवढ्या लांब येऊन गोळीसुद्धा नाही म्हणून पप्पा परतीच्या वाटेवर शिरवळपर्यंत नाराज होते. पण हे सगळं नंतर. त्या दिवशी मी नुसती तिखट कानाची होते.

आईनं मला तळमजल्यावरच्या कोठीत बसवलं, स्वयंपाकघराला लागून. काम माझ्या आवडीचं होतं. अक्षतांच्या सातशे पुड्या बांधायच्या. आई म्हणाली, अंदाजे चिमूटभर घाल. अंदाजे हे माप नाही. मी प्रत्येक पुडीत एकवीस दाणे घालत होते. चमच्यानं ताटलीत काढायचे, मोजायचे, कागदाची घडी, दुसरी घडी, टोक आत. पाठ टेकायला मी कोपऱ्यातला पत्रा निवडला होता. ती भांड्यांच्या लिफ्टची पत्र्याची पेटी. स्वयंपाकघरातून वर जेवणाच्या मजल्यावर भाताची पातेली नेणारी. लिफ्ट चालली की पत्रा पाठीला बारीक थरथरायचा. मला ते आवडत होतं.

साडेअकराच्या सुमाराला दारावर ठोके पडले. तीन, थोडं थांबून दोन.

असं जगात एकच माणूस ठोकत असे. उत्तममामा, आईचा धाकटा भाऊ. मी सहा वर्षांची असताना आमच्या दाराच्या घंटेला घाबरून मी कपाटात बसले होते आणि संध्याकाळपर्यंत निघाले नव्हते. त्यानंतर मामांनी आमची घंटा कधीच वाजवली नाही. पहिल्या तिनांचा अर्थ 'मी आलोय', पुढच्या दोनांचा अर्थ 'घाबरू नको', असं त्यांनीच ठरवलं होतं. पलूसला त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्ट्या भागांचं दुकान होतं. वजन एकशे पंधरा किलो. गुडघे दोन्ही गेलेले.

मामा आत येऊन तांदळाच्या पोत्यावर बसले. डोक्यावर फेटा होता. नवरदेवाकडच्या मामांना नऊ मीटरचे बांधणीचे फेटे बांधले होते, तुऱ्यासकट, त्यासाठी खास माणूस आणला होता. नवरीच्या मामाची पाळी येईपर्यंत कापड संपलं आणि त्यांच्या हातात तयार फेटा पडला, तोही मुंजीच्या मापाचा. हे मी आधीच ऐकलं होतं. मांडवातलं भांडण भिंतीतून येत होतं. मामांनी वीस माणसांसमोर जाहीर केलं होतं की या मांडवात पुन्हा पाय ठेवणार नाही. पप्पांनी वीस माणसांसमोर सांगितलं होतं की दार उघडं आहे.

"कसा दिसतोय?" मामांनी विचारलं.

"लहान."

"मी का फेटा?"

"फेटा."

मामा पोट हलवत हसले. भोपळ्यावर दिवा ठेवावा तसा तो फेटा हलला. मी विचारलं, राग गेला का. ते म्हणाले, राग दहा मिनिटांत गेला, पण लगेच परत जाता येत नाही, इज्जत जाते. मुहूर्ताला दोन मिनिटं असेपर्यंत रुसावं लागतं. मग कुणीतरी पुकारतं आणि जायचं.

"कुणाला सांगू नको माझा राग गेलाय म्हणून," ते म्हणाले. "तुझ्या आईला तर आजिबात न्हाई."

मी हो म्हटलं. अशी त्या दिवशी माझ्याजवळ दोन वचनं झाली. दोन्ही गप्प बसायची.

"आणि बस हितंच. पंगत बसली की तुझं हाल हुत्यात. मी वरनं तुझं ताट घेऊन येतो आधीच."

माझं ताट म्हणजे भात एका बाजूला, वरण वाटीत, आणि मध्ये दोन बोटं रिकामी जागा. एकाला दुसऱ्यानं शिवायचं नाही. हे नीट वाढणारी माणसं जगात दोन होती आणि दुसरी त्या दिवशी नवरीची आई होती. मामा गेले. मी पुड्यांत शिरले.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. आमच्याकडे प्रत्येक लग्नात एक तरी मामा रुसतो. नाही रुसला तर बायका काळजीत पडतात, मानपानात काही राहून तर गेलं नाही ना. आणि रुसलेल्या मामाला शोधायला जायचं नसतं. शोधलं की तो लांब जातो. न शोधता, मुहूर्ताच्या तोंडावर पुकारलं, की तो मंडपाच्या खांबामागूनच निघतो. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलंय आणि कधी चुकलेलं नाही.

पावणेबाराला वीज गेली.

नऊ सेकंद सगळं थांबलं. मिक्सर, पंखे, सनईची टेप. पाठीमागचा पत्रा एकदा जोरात थरथरला आणि तोही थांबला. त्या नऊ सेकंदांत मी जगातली सर्वांत सुखी बाई होते. मग कोठीच्या खिडकीबाहेरच जनरेटर सुरू झाला.

जनरेटरवर मांडव होता, पंखे होते आणि स्पीकर होते. लिफ्ट नव्हती. भांड्यांना घाई नसते, असं कार्यालयाचे व्यवस्थापक बाबर नंतर पोलिसांना म्हणाले.

जनरेटरच्या मागोमाग वरात दारात आली. ताशा, बँजो, त्यावर एक माणूस माइकमध्ये शिट्ट्या मारणारा. स्वयंपाकघरात कुणीतरी शंभर स्टीलची ताटं एकावर एक टाकत होतं. परात भरली आणि सांडायला लागली. डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसायला लागलं. मी दाणे मोजत होते, पण सात नंतर काय येतं ते आठवेना.

तेवढ्यात पाठीला ठोके लागले. तीन. थोडं थांबून दोन.

मी तो आवाज दोन्ही हातांनी धरला. बुडणाऱ्यानं ओंडका धरावा तसा. खरं म्हणजे तो आवाजही नव्हता, पत्र्यातून माझ्या मणक्यात येणारं काहीतरी होतं, पण त्याला आकार होता. बाकी कशालाच आकार नव्हता. पुन्हा आलं, तीन आणि दोन. मी हातातला चमचा मागच्या पत्र्यावर वाजवला, तीन आणि दोन. हे मी नेहमी करते. पाल चुकचुकली तर मी चुकचुकते, कुकरच्या शिट्ट्या मनात पुन्हा वाजवते. आवाज आत घेतला आणि बाहेर काढला की तो माझा होतो, मग चावत नाही.

ओळखीचा नव्हता का? होता. तुमच्या घरातल्या पंख्याचा आवाज तुमच्या ओळखीचा असतो, तसा. पंखा कोण आहे, असं कुणी विचारत नाही. आणि ती लिफ्ट भांड्यांची होती. भांड्यांच्या लिफ्टमध्ये भांडी असतात.

ठोके आले की मी चमच्यानं ठोके द्यायचे, मग एक पुडी. ठोके, चमचा, पुडी. सात नंतर आठ आलं. एकवीसही आले. बाहेरचा ताशा लांब गेला, पार कवठ्याला गेल्यासारखा. इतकं शांत मला त्या दिवसात कधीच वाटलं नव्हतं. मी मोजत होते. अठरावा संच. एकोणिसावा.

बारा वाजून दहा मिनिटांनी आई अक्षता न्यायला आली. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. तिनं पुड्यांची टोपली उचलली आणि विचारलं, "मामा आलाय का इकडं?"

"आत्ता नाही."

"फोन मामीच्या पर्समध्ये टाकून गेलाय. कुठं बसलाय रुसून देव जाणे." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "तुझे पप्पा म्हणतात, कुणी शोधायला जायचं नाही. आता तूच सांग, फेट्यासाठी कुणी एवढं ताणतं का?"

मला माहीत होतं की राग गेलाय. वचन दिलं होतं. पाठीत तीन ठोके आले. थांबून दोन.

"आई," मी म्हटलं, "इथं एक—"

"आवाज येतोय?"

"हो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी आज बरी झोपले असते. ती फार दमली होती.

"आपलं काय ठरलंय हेमा?"

मी चमचा उचलला. आई गेली.

बारा चोवीसला स्पीकरवरून भटजींनी पुकारलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मग पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारताना त्यांनी 'मामा कुठंही असतील तिथून' असं जोडलं. खांबामागून कुणी निघालं नाही. ताई खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून उत्तममामाशिवाय येणार नाही म्हणत होती, असं मला नंतर कळलं. शेवटी एका चुलतमामांना पाणपोईवरून उचलून आणलं. त्यांच्या हातातला पेला तसाच होता. सगळं व्हिडिओत आहे.

मंगलाष्टकं सुरू झाली. सावधान म्हणायचं आणि त्याच क्षणी सातशे माणसांनी एकदम तांदूळ फेकायचे, यात सावध कुणी राहायचं हे मला कधी कळलेलं नाही. माझे सगळे एकवीस एकवीस दाणे उधळले जात होते. मी बावन्नावा संच मोजला. पुडी. त्रेपन्नावा. हे संच आता लांबले होते, तिनातल्या दोन ठोक्यांमध्ये एक पूर्ण घडी मावत होती. पुडी.

चोपन्नावा. तीन. थांबून एक.

मी चमचा धरून थांबले.

दुसरा आला नाही.

तुम्ही जिना उतरताय आणि शेवटची पायरी नाही. असं ते होतं, पण संपत नव्हतं. पाय खाली जातच होता. मी स्वतः चमच्यानं राहिलेला ठोका पुरा करून पाहिला. जमेना. तो माझा नव्हता, तिकडचा होता. आणि तिकडचा म्हटल्याबरोबर मला कळलं की तिकडं कुणीतरी आहे. असं एवढ्या उशिरा, एवढ्या साध्या शब्दात कळलं. तीन म्हणजे मी आलोय. दोन म्हणजे घाबरू नको. मामा 'घाबरू' म्हणाले होते आणि 'नको' म्हणाले नव्हते.

मी ओरडायला तोंड उघडलं. आतून काही आलं नाही. शब्दांचं दार गेलं होतं. मांडवात जाऊन आईला ओढून आणायचं तर सातशे माणसं, बँजो, धूप आणि तिची जरीची साडी, तेवढं अंतर मला पार झालं नसतं. खिडकीबाहेर जनरेटर होता. मी दोन्ही कानांवर हात धरून बाहेर गेले. जनरेटरवाला विडी ओढत बसला होता. कानांवरचा एक हात काढावा लागला, ते फार महागात पडलं. मी लाल दांडा खाली ओढला.

शेवटच्या मंगलाष्टकाच्या मधोमध सगळं बंद पडलं. भटजींचा आवाज स्पीकरशिवाय अगदी मुलासारखा वाटला आणि मग तोही थांबला. सातशे माणसं गप्प बसली की त्याचाही एक आवाज असतो.

मी कोठीत परत येऊन पत्र्याला कान लावला. काही नाही.

आई धावत आली. मागे पप्पा, मागे बाबर. आईच्या केसांत तांदूळ होते. ती म्हणाली की माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीस, ती म्हणाली की बहिणीचं लग्न आहे गं हेमा, आणखीही म्हणाली. मला सगळं ऐकू येत होतं. मला उत्तर देता येत नव्हतं. मी चमचा उचलला आणि पत्र्यावर तीन ठोके दिले. फक्त तीन. आणि थांबले.

आईचं बोलणं अर्ध्यात राहिलं. तिनं तो ठोका चौदा वर्षं स्वतःच्या दारावर ऐकला होता.

वरून, माझ्या डोक्याच्या दीड हातावरून, दोन आले. दुसरा इतका हलका की फक्त मला आला असावा. पण पहिला आईलाही आला. ती खाली बसली, तांदळात.

ती लिफ्ट हातानं खाली आणायचं चाक वरच्या मजल्यावर होतं. चाकाचा दांडा कपाटात होता. कपाटाची किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचून दमून झाडाखाली झोपला होता. त्यातली अकरा मिनिटं मी इथं लिहीत नाही. मी दर मिनिटाला तीन ठोके देत होते. उत्तर दोनदाच आलं.

दार उघडलं तेव्हा मामा मांडी घालून बसलेले होते. अंगात बनियन, तो भिजून कातडीला चिकटलेला. ओठ राखेच्या रंगाचे. गुडघ्यांमुळे त्यांना जिना नको होता आणि जिन्यावर वऱ्हाडातली पोरं नाचत होती, म्हणून ताट घेऊन ते पातेल्यांच्या जागी बसून खाली येत होते. ताट मांडीवर होतं. त्यावर त्यांनी तो मुंजीच्या मापाचा फेटा झाकला होता.

आईनं त्यांचं डोकं धरलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गार झालं आसंल," ते म्हणाले.

फेटा उचलला तर भात एका बाजूला, वरण वाटीत, आणि मध्ये दोन बोटं रिकामी जागा. अजून.

त्यांना सांगलीच्या दवाखान्यात हलवलं. राहिलेलं मंगलाष्टक जनरेटरशिवाय झालं. मामांचं हृदय आणि मूत्रपिंडं दोन दिवस विचार करत होती आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी राहायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा मिनिटं आणखी गेली असती तर बोलायलाच नको.

त्या तिसऱ्या दिवशी खाटेभोवती सगळे जमले. पप्पा कोल्हापूरला जाऊन खास माणसाकडून बांधलेला फेटा घेऊन आले होते आणि तो कुठं ठेवावा ते न कळून स्वतःच घालून उभे होते. नर्सनं दोनदा त्यांना पेशंट समजून बसायला सांगितलं. मामांनी आत काय झालं ते सांगितलं.

"पहिली पाच मिनिटं नुसता बोंबललो," ते म्हणाले. "लाथा घातल्या. श्वास लागला. वर ताशा वाजतोय, कोण ऐकतंय. मग म्हटलं ठोकून बघावं. आणि खालनं उत्तर आलं. तीन-दोन. म्हटलं, हेमी हाय. तिला कळलंय. ती आणतीय माणसं." ते माझ्याकडे बघून हसले. "मग बोंबलायचं सोडलं. लाथा सोडल्या. गप हवा राखून बसलो. दर खेपेला उत्तर यायचं. बाकी सगळी माझ्यावर रुसून बसलेली. ही एकटी बोलत हुती माझ्याशी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामींनी उठून माझी दृष्ट काढली, बोटं मोडून, कडाकड. तो आवाज मला अजून येतो.

संध्याकाळी मी आणि आई बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ती म्हणाली, "तुला माहीत होतं तो आत आहे?"

"नाही."

"मग उत्तर देत होतीस ते?"

"ते उत्तर नव्हतं," मी म्हटलं.

मग तिनं माझा हात घेतला. मला वाटलं, आता डोक्यावर नेईल. नेला नाही. नुसता धरला, फार घट्ट, मला सोसतो तसा.

मी डॉक्टरांना नंतर एकटं गाठून विचारलं. तो माणूस ओरडत राहिला असता, लाथा मारत राहिला असता, तर कुणी ऐकलं असतं का. ते म्हणाले, ऐकलं असतं कदाचित, स्वयंपाकघर तर शेजारीच. मी विचारलं, की ओरडून दम लवकर संपला असता? ते म्हणाले, तसंही झालं असतं कदाचित. मी म्हटलं, दोन्हीपैकी एक सांगा. ते म्हणाले, तुम्ही पेशंटच्या कोण?

मामा त्यानंतर चार वर्षं जगले. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ही गोष्ट सांगायचे. ठोके वाढत गेले. चारशे झाले, पाचशे झाले. मी दर वेळी म्हणायचे, दोनशे एकोणसत्तर. लोक हसायचे आणि एकमेकांना म्हणायचे, बघा, पोरगी एकेक मोजत होती. मामा माझ्या पाठीवर थाप मारायचे. मी एकदा पलूसला मुद्दाम गेले, सांगायला. दुकानात ते एका गिऱ्हाइकाला तीच गोष्ट सांगत होते आणि मला बघून म्हणाले, "ही बघा आलीच." मी चहा घेतला आणि परत आले.

शेवटी त्यांच्या साखरेनं त्यांना नेलं, घरीच, दुपारी. आता त्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना काय होतं हे माहीत असलेलं माणूस एकच उरलंय. आईला अर्धं माहीत आहे. ती रोज साडेआठला फोन करते. तब्येत, जेवण वगैरे झालं की फोन ठेवायच्या आधी विचारते, "काही ऐकू येतंय का गं?" पूर्वी या विषयानं ती वैतागायची. आता उत्तर येईपर्यंत थांबते. मी येतंय ते सगळं सांगते, फ्रिज, तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं, टाकीचा कॉक. ती सगळं ऐकून घेते आणि मग ठेवते.

पुण्यात मी पाचव्या मजल्यावर राहते. इथं कायम कुणीतरी काहीतरी ठोकत असतं. माझी बोटं टेबलावर उत्तर द्यायला लागतात, ती आपोआप लागतात, आणि मी दुसऱ्या हातानं ती दाबून धरते. मग चपला घालते आणि जाते. मजला मजला उतरते, भिंतींना कान लावते. आमच्या सोसायटीत मला काय म्हणतात ते मला ऐकू येतं, अर्थातच.

परवा आवाज दुसऱ्या मजल्यावरून येत होता. दार अर्धं उघडं होतं. आत मोरीत एक माणूस उकिडवा बसून फरशी बसवत होता, रबरी हातोडीनं. मला बघून तो थांबला.

"काय पायजे मॅडम?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही आहात ना?"

त्यानं हातोडीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आहे की," तो म्हणाला.